तरतें बंदर

ज्या विषयांतलें आपणांस फारसें कळत नाहीं, त्या विषयावर ठामपणें बोलण्याची संवय कांहीं धंद्यांत आपोआप जडते. प्राध्यापकाचा धंदा त्यांतलाच. तीस वर्षें रोज उंचवट्यावर उभें राहून बोलत राहिलें, आणि समोरचीं साठसत्तर माणसें तें मुकाट्यानें वहींत उतरून घेत असलीं, म्हणजे आपल्या तोंडून निघालेलें वाक्य खरेंच असलें पाहिजे असा समज हळूहळू मनांत घर करून बसतो. घरचीं माणसें हा समज मोडून काढण्याचा प्रयत्न इमानेंइतबारें करीत असतात. परंतु त्यांना यश येत नाहीं. मी शिकवितों इंग्रजी वाङ्मय. असें असूनहि समुद्र, जहाजें, वायु आणि व्यापार यांच्यासंबंधीं मीं एकदां एक व्याख्यान दिलें, तें एका माणसानें खरें मानलें, आणि त्या व्याख्यानाचें देणें अद्याप फिटलेलें नाहीं. त्याची ही हकीकत.

आमचें मूळचें घर रत्नागिरी जिल्ह्यांत, जयगडच्या अलीकडे. शास्त्री नदी जेथें समुद्राला मिळते तेथें जयगडचा किल्ला आहे. त्याच्या तटावर उभें राहिलें कीं एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी व तिच्यापलीकडचें तवसाळ दिसतें. माझ्या आजोबांच्या वेळीं मुंबईची आगबोट जयगडला लागे. ती दूर खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला येत. आगबोटी केव्हांच गेल्या. आतां तेथें मोठें बंदर झालें आहे, आणि कोळशावर चालणारा १,२०० मेगावॅटचा वीजकारखाना उभा आहे. पूर्वीं आमच्या अंगणांतून रात्रीं दीपगृहाचा एकटा दिवा फिरतांना दिसे. आतां त्या बाजूचें आकाश रात्रभर पिवळसर असतें.

घर सांभाळतो माझा धाकटा चुलतभाऊ. हापूसचीं कलमें, थोडी भातशेती आणि रस्त्यावरचें एक किराण्याचें दुकान एवढा त्याचा प्रपंच. मी पुण्याहून मे महिन्यांत पाहुण्यासारखा येतों, आंबे खातों, आणि जातांना दोनचार सल्ले देऊन जातों. आंबे त्याचे आणि सल्ले माझे, अशी ही जुनी वांटणी आहे.

२०२१ च्या वसंतांत ही वांटणी थोडी बिघडली. साथीमुळें कॉलेज बंद होतें, शिकवणें दूरध्वनीच्या पडद्यावर चालू होतें, आणि तो पडदा पुण्यांत काय नि कोंकणांत काय, सारखाच. मीं मार्चमध्येंच गांव गांठलें. आमच्या पडवीच्या एका विशिष्ट कोपऱ्यांतच संदेशलहरी नीट पोंचतात; त्या कोपऱ्यांत खुर्ची टाकून मी अदृश्य विद्यार्थ्यांना शिकवीत बसें. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत, असाच एक तास संपवून उठलों, तों भाऊ धांवत आला. "दादा, बोट आली! गॅसची बोट! गडावर चल, तेथून दिसेल."

आम्ही गडावर गेलों. मीं आयुष्यांत तेवढें मोठें जहाज तेवढ्या जवळून पाहिलें नव्हतें. सुमारें ३०० मीटर लांबी. आमच्या गांवची वरची वाडी आणि खालची वाडी एकापुढें एक ठेवल्या तरी त्याच्या पोटांत मावल्या असत्या. तें २०१७ सालीं दक्षिण कोरियांत बांधलेलें, नॉर्वेच्या एका कंपनीचें जहाज होतें, आणि भारतांतील पहिलें तरतें वायु-टर्मिनल म्हणून त्याचा मोठा बोलबाला झालेला होता. बेत असा होता कीं तें दहा वर्षांच्या करारानें जयगडच्या बंदरांत बांधून ठेवावें. परदेशांतून येणाऱ्या जहाजांनीं द्रवरूप वायु त्याच्या टांक्यांत ओतावा. त्यानें त्या द्रवाचा पुन्हां वायु करावा. आणि तो ५६ किलोमीटर लांबीच्या नळांतून दाभोळला, तेथून देशभरच्या जाळ्यांत जावा.

गडाच्या तटावर बसून मीं भावाला ही सारी किमया समजावून दिली. आदल्याच आठवड्यांत मीं ती वर्तमानपत्रांतून व इतर वाचनांतून गोळा केली होती. ताज्या वाचलेल्या गोष्टीइतक्या उत्साहानें माणूस दुसरें कांहीं सांगत नाहीं. नैसर्गिक वायु म्हणजे बहुतांशीं मिथेन. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला कीं पाण्यासारखा द्रव होतो आणि त्याचें आकारमान सहाशें पटींनीं आटतें. म्हणजे सहाशें खोल्या भरून राहणारा वायु एका खोलींत मावतो. तो द्रव जहाजांतून पाठविण्याचा पहिला प्रयोग १९५९ सालीं झाला. अमेरिकेंतल्या लुइझियानाहून इंग्लंडांतल्या कॅन्व्ही बेटावर 'मिथेन पायोनियर' नांवाच्या जहाजानें तो पोंचविला. या आपल्या समोरच्या जहाजांत १,७०,००० घनमीटर द्रव राहतो. त्याचा वायु केला तर दहा कोटि घनमीटर होईल. एवढी थंडी टिकवायची कशी? तर थर्मासच्या बाटलीसारखी. आणि द्रवाचा वायु करायला विस्तव पेटवावा लागतो असेंहि नाहीं. आपल्या समुद्राचें पाणी त्या द्रवाच्या मानानें इतकें ऊन असतें कीं त्याचीच ऊब पुरते. पाणी आंत घ्यायचें, आणि कांहीं अंशांनीं थंड झालेलें पुन्हां समुद्रांत सोडायचें.

"म्हणजे आपल्या समुद्राची ऊब ते नेणार," भाऊ म्हणाला.

"थोडीशी," मीं म्हटलें.

"आणि मासळीचें काय?"

हा प्रश्न त्यानें विचारला तेव्हां मला जरा कौतुक वाटलें, आणि मीं तो हुशार विद्यार्थ्याच्या शंकेसारखा हाताळला. म्हणजे शंका चांगली आहे असें सांगून पुढें गेलों. नळांत शिंपले आणि शेवाळ धरूं नये म्हणून त्या पाण्यांत क्लोरिनसारखें द्रव्य सोडतात, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. पुढें जर्मनींत विल्हेल्म्सहाफेन येथें असेंच जहाज आलें, तेव्हां तिकडच्या लोकांनीं नेमकी याच पाण्याबद्दल तक्रार केली. माझ्या भावाला जें दहा मिनिटांत सुचलें तें वाचायला मला दीड वर्ष लागलें.

भावजयीनें रात्रीं जेवतांना विचारलें, "भावोजी, मग आपल्या सिलिंडरची किंमत उतरेल का हो?" मीं तिला समजावून दिलें कीं सिलिंडरांतला वायु निराळा, तो प्रोपेन आणि ब्यूटेन, हा मिथेन, हा नळानें जातो, आणि पुण्याला आमच्या शेगडीला येतो तो हाच. ती म्हणाली, "म्हणजे बोट आमच्या दारांत आणि शेगडी तुमची पेटणार." सगळे हंसले. मीहि हंसलों.

खरा प्रश्न त्यानंतर आला. पानें उचलल्यावर भाऊ सुपारी कातरीत माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, एक विचारूं? ही बोट राहील ना?"

त्याच्या मनांत काय होतें तें मला माहीत होतें. रस्त्यालगतच्या आमच्या सामाइक जागेंत चार खोल्या बांधाव्या, बोटीवर आणि नळाच्या कामावर येणाऱ्या लोकांना भाड्यानें द्याव्या, असें तो महिनाभर घोळवीत होता. त्यासाठीं पतपेढींतून नऊ लाख रुपये काढावे लागणार होते. मी तो प्रश्न ऐकला, सुपारी तोंडांत टाकली, आणि सुमारें अर्धा तास बोललों. देशाला वायूची गरज किती आहे तें सांगितलें. गुजरातेंत दहेजला २००४ पासून असा वायु उतरतो आहे तें सांगितलें. जमिनीवर टर्मिनल बांधायला वर्षानुवर्षें लागतात, उलट तरतें टर्मिनल तयारच येतें, धक्क्याला बांधलें कीं काम सुरू, हें सांगितलें. ही कल्पना २००५ सालीं मेक्सिकोच्या आखातांत प्रथम अमलांत आली, आणि २०१४ सालीं लिथुएनियासारख्या चिमुकल्या देशानें क्लायपेडा बंदरांत असें जहाज आणून त्याचें नांवच 'इंडिपेंडन्स' ठेवलें, तेंहि सांगितलें. शेवटीं म्हणालों, "अरे, एवढा पैसा ओतून आणलेली वस्तु कोणी उगीच परत नेतो का?"

भाऊ उठला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतें. दुसऱ्या दिवशीं तो पतपेढींत गेला.

त्याच सुमारास किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाची गांठ पडली. तो जाळें दुरुस्त करीत बसला होता. बोटीचा विषय निघतांच त्यानें मान वर न करतां विचारलें, "आगोटीच्या तोंडाशीं आणलीन् बोट. कराराचा कागद झाला असेल. पण नांगर कोणाचा?" मीं त्याला सांगितलें कीं नांगर अर्थात् जहाजाचाच. तो म्हणाला, "मग ती त्याचीच. मन लागेल तंवर राहील." मला हें बोलणें खेडवळ आणि काव्यमय वाटलें. मीं तें टिपून ठेवलें, कधीं निबंधांत उपयोगी पडेल म्हणून. तें निबंधांत यावें आणि असें यावें, हें माझ्या कल्पनेंतहि नव्हतें.

पावसाळा आला. खोल्यांच्या भिंती जांभ्या दगडांत उभ्या राहिल्या होत्या. छप्पर दिवाळीपूर्वीं पडलें. जयगडचें टर्मिनल मात्र सुरू झालें नाहीं. आज होईल, उद्यां होईल, अशा बातम्या येत राहिल्या. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत जगांतल्या बाजारांत द्रवरूप वायूचा भाव चढूं लागला; १९२२ नव्हे, २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनचें युद्ध पेटलें (इतिहासाच्या जवळपास वावरणाऱ्याची लेखणी अशी शतक चुकते), आणि रशियाच्या नळांवर विसंबून असलेला युरोप अशा तरत्या टर्मिनलांसाठीं जगभर शोध घेऊं लागला. विल्हेल्म्सहाफेनचा धक्का कांहीं महिन्यांत बांधून झाला आणि १७ डिसेंबर २०२२ रोजीं जर्मनीच्या चॅन्सेलरच्या हस्तें तेथल्या टर्मिनलाचें उद्घाटन झालें. जयगडला आलेलें जहाज मात्र वायूचा एक श्वासहि नळांत न सोडतां निघून गेलें, आणि पुढें ब्राझिलच्या सांतोस बंदराच्या कामासाठीं करारानें घेतलें गेलें. तें कां गेलें याचीं कारणें करारांच्या कागदांत असतील. त्यांत शिरण्याचा माझा अधिकार नाहीं आणि कोणाला दोष देण्याचा हेतुहि नाहीं. मला प्रश्न पडला तो माझ्या स्वतःच्या उत्तराचा.

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना एक प्रकार वारंवार आढळतो. प्रश्न एक असतो, आणि विद्यार्थी पाठ केलेलें दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर सुंदर अक्षरांत चार पानें भरून लिहितो. अशा उत्तराला मी आजवर शून्य गुण देत आलों. माझ्या भावानें विचारलें होतें, 'ही बोट राहील ना?' आणि मीं अर्धा तास खपून उत्तर दिलें तें, 'ही बोट कशी चालते?' या प्रश्नाचें. तें उत्तर चूक नव्हतें. त्यांतला प्रत्येक आंकडा आजहि खरा आहे. पण तें त्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें, आणि विचारणारा सुपारी कातरीत बसलेला माणूस परीक्षक नसल्यामुळें त्यानें पूर्ण गुण देऊन टाकले.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, खरें उत्तर माझ्याच व्याख्यानांत होतें. तरत्या टर्मिनलाचा मोठा गुण मीं कोणता सांगितला? तें तयार येतें, लवकर येतें, जमीन न खणतां येतें. जी वस्तु इतक्या सहज येते ती तितक्याच सहज जाते, हा निष्कर्ष काढायला तर्कशास्त्राची पदवी नको होती. मालकाच्या दृष्टीनें तो त्या जहाजाचा गुणच आहे, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. भाव पडला, गरज सरली, करार मोडला, कीं दोर सोडावे आणि दुसरें बंदर गांठावें. ज्याच्या खोल्या चिऱ्यांच्या आहेत आणि पाया कातळांत आहे, त्याला मात्र दोर सोडतां येत नाहीं.

आमच्या पलीकडच्याच दाभोळला याच्या उलट गोष्ट घडली होती. तेथला वीजप्रकल्प २००१ सालीं बंद पडला तेव्हां तें सारें पडीक राहिलें. पण तें जमिनीवर होतें, म्हणून कोणाला उचलून नेतां आलें नाहीं. भांडणें झालीं, मालक बदलले, आणि शेवटीं २०१३ सालीं तेथें वायु उतरूं लागला. लाटा अडविणारा बांध अपुरा असल्यामुळें कित्येक वर्षें पावसाळ्यांत तेथें जहाज लागत नसे, ही गोष्ट निराळी. जमिनीवरची चूक सुद्धां जागेवर राहते, आणि जागेवर राहिलेली चूक कधींतरी कोणीतरी दुरुस्त करतो. आणि क्लायपेडाचें काय झालें? दहा वर्षांचा करार संपत आला, तेव्हां लिथुएनियानें २०२४ अखेर तें जहाज सरळ विकत घेतलें. तांडेलाच्या भाषेंत सांगायचें तर त्यांनीं नांगर आपला करून घेतला. मीं भावाला 'इंडिपेंडन्स' हें नांव मोठ्या कौतुकानें सांगितलें होतें. तें तेव्हां भाड्याचें आहे हें सांगायचें राहून गेलें होतें.

द्रवरूप वायूचा आणखी एक गुणधर्म मीं त्या रात्रीं सांगितला होता. टांकी कितीहि चांगली असली तरी बाहेरची ऊब आंत झिरपतेच, आणि रोज हजारांत एक भागाच्या आसपास द्रव आपोआप उकळून वायु होत राहतो. जहाज नुसतें उभें असलें तरी माल थोडाथोडा उडत असतो. कर्जाचें व्याज असेंच असतें. भाऊ मला त्याबद्दल कधीं बोलला नाहीं. मला तें कळलें काकूकडून. दुकानांतला माल कमी झाला होता, भावजयीच्या हातांतल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या होत्या, आणि काकू दूरध्वनीवर सहज बोलावें तसें म्हणाली, "तूं त्याला कांहीं बोलूं नकोस हो. तो म्हणतो, दादानें चांगल्यासाठींच सांगितलें." हें वाक्य मला कोणत्याहि शिवीपेक्षां अधिक लागलें. शिवी परत देतां येते.

गेल्या मे महिन्यांत मी गांवीं गेलों तो मनाशीं ठरवून. पहिल्यांदा खोल्या पाहिल्या. एका खोलींत शाळेचे एक मास्तर बिऱ्हाड करून राहतात. दुसरींत त्या तांडेलाचीं जाळीं आणि पिंपें आहेत. भाडें वर्षाला एकदां, तेंहि अर्धें मासळीच्या रूपानें. उरलेल्या दोहोंत गवत पसरून हापूसची आढी घातलेली होती. अभियंत्यांसाठीं बसविलेल्या पांढऱ्या फरशीवर ओळीनें आंबे पिकत पडले होते, आणि त्या वासानें दोन्ही खोल्या भरून गेल्या होत्या. भाऊ म्हणाला, "आढीला मात्र फार उत्तम जागा झाली, दादा. उंदीर अजिबात लागत नाहीं."

मीं त्याला म्हटलें, "कर्जाची वही आण."

तो प्रथम आढेवेढे घेऊं लागला. मग त्यानें वही आणली. आम्ही पडवीच्या त्याच कोपऱ्यांत बसून हिशेब केला. उरलेल्या रकमेचें अर्धें मी भरीन असें मीं सांगितलें. मला वाटलें होतें तो नाकारील, मी आग्रह करीन, आणि त्या आग्रहांत माझें मन हलकें होईल. त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि म्हटलें, "भर. जागा सामाइक आहे, खोल्याहि दोघांच्या समजूं." एवढेंच. मोठेपणा मिरविण्याची संधि त्यानें मला दिली नाहीं, आणि तें बरेंच झालें.

वही मिटतां मिटतां तो म्हणाला, "तालुक्याला कोणीतरी सांगत होता, कीं पुन्हां कसली तरी बोट येणार म्हणे. तुला काय वाटतें?"

माझ्या तोंडाशीं उत्तर आलें होतें. बाजाराची स्थिति, देशाची गरज, जगाचा कल, सारें कांहीं ओळीनें उभें राहिलें होतें. मीं तें परत पाठविलें. बावन्नाव्या वर्षीं, शिक्षकाच्या धंद्यांत जन्म घालविल्यावर, 'मला ठाऊक नाहीं' हे तीन शब्द उच्चारायला किती श्रम पडतात हें त्या दिवशीं कळलें. ते उच्चारल्यावर मीं एवढेंच म्हटलें, "बातमी खरी निघाली तर आपण दोघे जाऊन विचारूं. बोट कोणाची, करार किती वर्षांचा, आणि मध्येंच गेली तर कोणाचें काय बुडतें."

भाऊ मोठ्यानें हंसला. "आणि पाण्यांत काय सोडतात तेंहि विचारूं," तो म्हणाला. मग उठून आढींतले दोन पिकलेले आंबे घेऊन आला आणि एक माझ्या हातांत दिला.